चावेल, धरेल, चालेल

“तुमचा बूट तुमच्यापेक्षा मोठा हाय.”

चाचा माझ्याशी बोलले ते हे पहिलं वाक्य. मला बहरीनमध्ये येऊन दोन दिवस झाले होते आणि अदलिया भागातल्या एका खेळाच्या सामानाच्या दुकानात असिस्टंट मॅनेजर म्हणून रुजू होऊन जेमतेम दोन तास. सगळ्यांशी हात मिळवत, नाव सांगत मी दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात पोचलो, तर तिथे एका बुटक्या स्टुलावर पांढऱ्या दाढीचा, साठीला टेकलेला एक माणूस बसला होता. मी पुढे केलेल्या हाताकडे त्यांनी पाहिलंच नाही. पायांकडे पाहिलं आणि निकाल देऊन टाकला. परमुलखात मराठी कानावर पडलं की ऊर भरून येतो म्हणतात. माझा काही आला नाही. नोकरीसाठी म्हणून पुण्याहून मुद्दाम घेतलेले बूट होते ते.

“बोटांच्या फुडं अर्धा इंच रिकामा हाय,” ते म्हणाले. “टाच उचलते. मोज्याला भोक पडला असेल बगा.”

भोक पडलं होतं. मी ते कबूल केलं नाही.

चाचा रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या एका गावचे. दुकानातले केरळी, बंगाली, फिलिपिनो, खुद्द बहरीनी, सगळेच त्यांना चाचा म्हणायचे, म्हणून मीही म्हणू लागलो. त्यांचं काम एकच होतं. स्कीचे बूट गिऱ्हाइकाच्या पायाला बसवून देणं. ज्या बेटावर पुलाचा चढ सोडला तर चढ म्हणून नाही, तिथे बर्फावरून घसरायचे बूट कोण घेतं, असं मलाही वाटलं होतं. पण हिवाळ्याच्या सुट्ट्या जवळ आल्या की माणसं येऊ लागतात. कोणी जॉर्जियाला निघालेलं असतं, कोणी तुर्कस्तानला, पैसेवाले ऑस्ट्रियाला. बाहेर लोक अर्ध्या बाह्यांत फिरत असतात आणि आत ही मंडळी जाड मोजे चढवून घाम पुसत बसलेली असतात.

स्वतः चाचांनी बर्फ पाहिला नव्हता. बाविसाव्या वर्षी एजंटनं त्यांना सांगितलं होतं की बहरीनला कोल्ड स्टोअरमध्ये काम आहे. आईनं उसनवारी करून स्वेटर दिला. इथे उतरल्यावर कळलं की बहरीनमध्ये कोल्ड स्टोअर म्हणजे कोपऱ्यावरचं वाणसामानाचं दुकान. “सात वर्सं ब्रेड विकला,” ते सांगायचे, “आणि स्वेटर उशाला घेतला.” पुढे ते या दुकानात हमालीला लागले. तेव्हा एक ऑस्ट्रियन कारागीर बूट बसवायला होता. त्यानं चार वर्षं यांना हाताखाली घेतलं, जाताना आपली हत्यारं यांच्या हवाली केली आणि सांगितलं म्हणे, की आता तू मला विसरलास तरी चालेल, पाय विसरू नकोस.

“चाचा, बर्फ न बघता तुम्हाला कसं कळतं?” मी एकदा विचारलं.

“बाळंतपण करणारा डाक्टर कधी बाळंत झालाय काय?”

मी खोकी रचायला लागलो. 

स्कीचा बूट म्हणजे बाहेरून जाड प्लॅस्टिकचं कवच आणि आत गादीसारखा मऊ मोजा. चाचा आधी तो आतला मोजा काढून बाजूला ठेवायचे आणि गिऱ्हाइकाचा पाय नुसत्या कवचात घालायला लावायचे. बोटं पुढे टेकली की टाचेमागे स्वतःची बोटं सरकवून बघायचे. दीड बोट शिरलं तर ठीक. दोनापेक्षा जास्त शिरलं की तो बूट परत खोक्यात. मग गिऱ्हाइकानं “पण मला आरामशीर वाटतोय” म्हटलं तरी उपयोग नसे. आराम हा शब्द ऐकला की चाचांचं तोंड कडू व्हायचं. “आराम पायजे तर सपाता घ्या,” ते मला मराठीत म्हणायचे, आणि मी गिऱ्हाइकाला इंग्रजीत काहीतरी गोड सांगायचो.

कोपऱ्यात त्यांनी एक तिरकी फळी बसवून घेतली होती. तिला ते डोंगर म्हणत. बूट घालून त्या डोंगरावर उभं राहायचं, गुडघे पुढे टाकायचे, आणि चाचा खाली बसून विचारायचे, “बाइट? ऑर होल्ड?” चावतोय का धरतोय? अख्खं शास्त्र त्यांनी या दोन शब्दांत बसवलं होतं. चावणारा बूट एका जागी दुखतो, तो कवच तापवून तिथल्या तिथे फुगवून देता येतो. धरणारा बूट सगळीकडून सारखा आवळतो, टाच हलू देत नाही. नवख्याला दोन्ही सारखेच वाटतात. लोक गोंधळून बघत राहायचे. चाचा वाट बघायचे. त्यांना वाट बघण्याचा कंटाळा नव्हता, हे त्यांचं एक वेड होतं. प्रश्न दुसऱ्यांदा विचारायचा नाही आणि गोष्ट दुसऱ्यांदा सांगायची नाही.

दुसरं वेड फ्रीझरचं. आमच्या पॅन्ट्रीत जेवण ठेवायला एक मोठा फ्रीझर होता. त्यात फिलिपिनो मुलींच्या माशांच्या पुड्यांशेजारी नेहमी एक बुटाचा जोड असायचा. इथल्या हवेत प्लॅस्टिक मऊ पडतं, दुकानात लोण्यासारखा वाटलेला बूट बर्फात दगड होतो, हे गिऱ्हाइकाला हातानं कळलं पाहिजे, असा त्यांचा आग्रह. अरबी अत्तर लावून आलेल्या बायकांच्या हातात ते गारढोण, थोडासा बांगड्याचा वास येणारा बूट द्यायचे. मी महिनाभरात तीन तक्रारी निस्तरल्या. एकदा रागावून म्हटलं, “चाचा, निदान प्लॅस्टिकच्या पिशवीत तरी घालून ठेवा.”

“मग थंडी कशी लागणार?” ते म्हणाले.

तुम्हाला वाटेल हा माणूस घट्ट बूट विकायच्या हट्टाला पेटलेला होता. तसं नव्हतं. एकदा एक तरुण आला, नुकताच स्की शिकलेला, आणि त्याला शर्यतीत वापरतात तो सगळ्यात ताठ, सगळ्यात महाग बूट हवा होता. चाचांनी त्याला बूट घालून मागच्या जिन्यानं वर-खाली करायला लावलं. तिसऱ्या फेरीला तो कठड्याला धरून उभा राहिला. “गुडगा वाकत नाय तर बूट काय कामाचा?” चाचा म्हणाले. “आदी पाय बगा, मग मर्दुमकी.” त्यांनी त्याला निम्म्या किमतीचा बूट दिला आणि आमच्या मुदीरनं, म्हणजे मालक-मॅनेजरनं, त्या दिवशी कपाळावर हात मारला.

आणि एक म्हातारी बाई यायच्या, इंग्रज, चाळीस वर्षं बहरीनमध्ये राहिलेल्या. त्यांची बोटं संधिवातानं वाकडी झाली होती. त्यांच्यासाठी चाचांनी स्वतःहून तो नव्या तऱ्हेचा बूट काढला, जो मागून दारासारखा उघडतो; पाय सरकवा, एक चकती फिरवा, झालं. मला नवल वाटलं, कारण हे मागून उघडणारे बूट मीच मुदीरच्या मागे लागून मागवले होते आणि चाचा त्यांच्याकडे ढुंकून बघत नसत. मी डिवचलं, “काय चाचा, आता आराम चालतो?”

“तिचे हात दुखतात. बूट घालताच आला नाय तर धरणार काय?” मग म्हणाले, “सोय कोणाची हाय ते बगायला लागतं. गाडीपासून डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टपर्यंत धा मिंटं चालायचं असतं. त्या धा मिंटांच्या सोयीसाठी दिवसभराची वाट लावायची, ती सोय नाय. तिला तर बूटच नशिबात नव्हता. तिच्यासाठी सोय.”

त्यांच्या स्वतःच्या पायात बारा महिने रबरी सपाता असायच्या, त्याही एक नंबर मोठ्या, टाच मागून घासलेली. विचारलं तर म्हणायचे, “मला कुठं उतरायचं हाय?”

माणसांचे चेहरे त्यांच्या लक्षात राहत नसत. मुहर्रकला, जिथे ते एका जुन्या घरात गाववाल्या दोघांबरोबर खोलीत राहायचे, मी एकदा त्यांच्याबरोबर बाजारात गेलो होतो. समोरून एक झगा घातलेला माणूस हसत आला, गळ्यात पडला, खबरबात विचारून गेला. “कोण?” मी विचारलं. चाचा म्हणाले, “डावा पंजा रुंद, उजवी टाच बारीक.” नाव त्यांना माहीत नव्हतं. तीन वर्षांपूर्वी त्याचे बूट बसवले होते एवढंच.

मी त्यांची टिंगल करायचो, पण जेवायला रोज त्यांच्याशेजारीच बसायचो. मी तेव्हा प्रोबेशनवर होतो. सहा महिने नीट पार पडले की नोकरी पक्की आणि मग बायको आणि तीन वर्षांची मुलगी यांचा फॅमिली व्हिसा. झिंजमध्ये मी घेतलेल्या फ्लॅटमध्ये एक गादी आणि एक इस्त्री एवढंच होतं. रोज संध्याकाळी मुलगी व्हिडिओवर विचारायची, बाबा तू कधी येणार, आणि मी सांगायचो, मी नाही, तू येणार. चाचा हे ऐकायचे आणि हातातला बूट पुसत राहायचे. स्वतःच्या मुलांना त्यांनी सुट्टीतच मोठं होताना पाहिलं होतं.

आता जे सांगायचं आहे ते मी सांगायला टाळतोय, हे माझं मला कळतंय.

प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक कार्ड असायचं. पायाची मापं, फोन नंबर, आणि घालून बघितलेल्या प्रत्येक बुटापुढे चाचांचा शेरा. इंग्रजी लिहायला त्यांना वेळ लागायचा. मी आल्यावर ते मराठीत लिहू लागले, कारण मला वाचता येतं. शेरा एका शब्दाचा. चावेल. धरेल. आणि तिसरा शब्द, चालेल.

एका गुरुवारी एक बाई आल्या, शाळेत शिकवणाऱ्या, मुहर्रकच्याच, बहरीनी. वय पस्तीसच्या आसपास. बहिणींबरोबर पहिल्यांदा जॉर्जियाला निघाल्या होत्या आणि शाळेतल्या मुलांना सांगून आल्या होत्या की मी बर्फावरून उतरणार. चाचांनी त्यांच्यावर दोन तास घालवले. त्यांना डोंगरावर उभं केलं, हसवलं, फ्रीझरमधला बूट हातात दिला. त्यांनी तीन जोड घालून बघितले आणि उद्या सांगते म्हणून गेल्या. जाताना चाचांना म्हणाल्या, “तुम्ही सांगाल तोच घेईन.”

दुसरा दिवस शुक्रवार, चाचांची सुट्टी. संध्याकाळी बाई घाईघाईत आल्या. विमान त्याच रात्री होतं. त्यांना तो मागून उघडणारा बूट हवा होता. बाकी दोन्ही पाय आवळतात, याच्यात चालायला किती छान वाटतं, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनीच विचारलं, “पण त्या चाचांचं काय मत आहे?”

मी कार्ड काढलं. पहिल्या जोडापुढे चावेल. दुसऱ्यापुढे धरेल. तिसऱ्यापुढे चालेल.

कोणीही मराठी माणूस जे वाचेल तेच मी वाचलं. घरी आई विचारते, भाजी कुठली करू, आपण म्हणतो, काहीही चालेल. मी बाईंना म्हटलं, “त्यांची हरकत नाही. इट विल डू, असं लिहिलंय.” बाई खूश झाल्या. मीही खूश झालो, कारण मी मागवलेला माल अखेर चाचांनी पास केला होता. हे दुसरं कारण मला बरेच दिवस स्वतःशीही कबूल करता आलं नाही.

शनिवारी सकाळी चाचा आले, कपाटाकडे बघितलं आणि विचारलं, “मास्तरीण कुठला घेऊन गेली?”

मी सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला.

“तुम्हीच चालेल लिहिलं होतंत,” मी म्हणालो.

“चालेल म्हणजे चालेल. चालायला बरा. उतरायला नाय.” त्यांनी खण ओढला, त्या इंग्रज म्हातारीचं कार्ड माझ्यासमोर धरलं. तिथे लिहिलं होतं, चालेल, आणि खाली, हात दुखतात म्हणून देऊ. “वाचा. ज्याच्याफुडं चालेल लिवलाय, त्यातला दुसरा एक तरी विकलाय काय?”

विकला नव्हता. मी कान खाजवला.

“फोन लावा तिला,” चाचा म्हणाले. “सांगा, तिथं भाड्यानं घट्ट बूट भेटतात, ते घे. हा घालून जिन्यावर फिर, डोंगरावर नको.”

मी म्हटलं, बघतो. आणि बघितलं नाही. काय सांगणार होतो मी? की आमच्याच दुकानाचा आमच्याच माणसानं लिहिलेला शेरा मला वाचता आला नाही? महागडा बूट विकून वर भाड्यानं घे म्हणून सांगायचं? मुदीरला कळलं तर? दुपारी चाचांनी पुन्हा विचारलं नाही. गोष्ट दुसऱ्यांदा विचारायची त्यांना सवयच नव्हती. मला ते सोयीचं पडलं.

रविवारी दुपारी बाई पडल्या. गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं. आता, माणूस दहा कारणांनी पडतो आणि फक्त बुटामुळेच पडल्या असं छातीवर हात ठेवून कोणी सांगणार नाही. चाचांनीही सांगितलं नसतं. पण बाईंनी दुकानात येऊन जे सांगितलं ते असं, की वळायला गेले तेव्हा पाय बुटात फिरला आणि बूट तिथेच राहिला. हे सांगताना त्या कुबडीवर रेलून उभ्या होत्या. ऑपरेशन ठरलं होतं. पुढचे काही महिने त्यांना शाळेत जाता येणार नव्हतं.

मुदीरनं आम्हा दोघांना ऑफिसात बोलावलं. भला माणूस होता, आवाज चढवला नाही. बाईंना खुर्ची दिली, पायाखाली स्टूल दिलं, गावा म्हणजे अरबी कॉफी मागवली. मग कार्ड टेबलावर ठेवून मला विचारलं, “हे काय लिहिलंय?”

त्या खोलीत मराठी वाचणारे दोघेच होतो आम्ही.

माझ्या प्रोबेशनचे तीन आठवडे उरले होते. मी त्या शब्दाकडे बघितलं आणि म्हणालो, “इट विल डू.”

“म्हणजे यांनी पसंत केला होता.”

“कार्डावर तसं लिहिलंय, सर.”

यातला एकही शब्द खोटा नाही. शब्दकोश काढून बघा. मूग गिळून गप्प बसणाऱ्याला निदान गप्प तरी बसावं लागतं. मी बोलून काम केलं.

मुदीरनं चाचांना विचारलं, बरोबर आहे का.  चाचा माझ्याकडे बघत होते. रागानं नाही. डोंगरावर उभ्या केलेल्या गिऱ्हाइकाकडे ते जसे बघत बसायचे तसे, की याला आता कळेल, आता हा बोलेल.  बाहेर कोणीतरी चेंडू आपटून बघत होतं. मी टेबलावरच्या कॉफीच्या कपांकडे बघत राहिलो.

शेवटी चाचा म्हणाले, “माय रायटिंग.”

बाई त्यांना म्हणाल्या, “मी तुमच्यावर विश्वास ठेवला होता.” एवढंच. आणि रडू लागल्या. चाचा उठून उभे राहिले, काही बोलणार असं वाटलं, पण इंग्रजी जुळलं नसावं. हात छातीवर ठेवून ते तसेच उभे राहिले.

वड्याचं तेल वांग्यावर निघालं. त्या दिवसापासून चाचांना बुटांच्या कोपऱ्यात जायची बंदी झाली. मुदीर म्हणाला, फिटिंग खलास. त्यांना सायकलींच्या विभागात हवा भरायला बसवलं. बुटांचं काम एका चटपटीत पोराकडे गेलं, त्यानं पहिल्या दिवशी फ्रीझरमधला जोड काढून ठेवला आणि फिलिपिनो मुलींनी टाळ्या वाजवल्या. दोन महिन्यांनी चाचांचा व्हिसा संपत होता. तो पुढे वाढवायचा नाही असं ठरलं. वयही झालं होतं, हे सगळ्यांना सोयीचं कारण मिळालं. सदतीस वर्षं त्या बेटावर काढलेल्या माणसाला निरोप द्यायला दुकानात केक कापला. चाचा क्रीम खात नसत.

माझी नोकरी दरम्यान पक्की झाली होती.

विमानतळावर त्यांना मी सोडलं. मुहर्रकहून विमानतळ म्हणजे हाकेच्या अंतरावर, ते टॅक्सीनंही गेले असते. मीच हट्ट केला. चोराच्या मनात चांदणं. दोन बॅगा आणि हत्यारांची ती जुनी पेटी डिकीत ठेवली. भर दुपार होती. पार्किंगमध्ये गाडी लावली आणि एसी चालू ठेवून मी सगळं ओकलो. की मला माहीत होतं, शनिवारीच कळलं होतं, मी बोलायला हवं होतं, माझी मुलगी, माझं प्रोबेशन. बरंच बोललो.

चाचा ऐकत होते. मग म्हणाले, “मला काय सांगता? मला म्हाईत हाय की.”

मी एसीचा झोत कमी केला.

“दोन अर्थ निघतील असा शब्द लिवला, ती माझी चूक. ती मी घेतली. पण शनिवारी तुमाला अर्थ कळला होता. मला वाटला, तुमी बोलाल. मी थांबलो होतो.”

“चाचा, मी मुदीरना आज सांगतो. आत्ता फोन करतो.”

“मुदीरला कशाला? मला काय आता परत हवा भरायची हाय?” ते हसले, पहिल्यांदाच त्या महिन्यात. “पोरीला आणा तुमच्या. तिचा पाय वाढता असेल, बूट मोठा घेऊ नका.” मग दार उघडायला हात घातला आणि तसाच ठेवून म्हणाले, “त्या मास्तरणीला तेवढा सांगा. ती बोलली ना, भरोसा ठेवला म्हणून. ते मला सोसत नाय. नोकरी गेली, गेली. मी तिला तो बूट दिला नव्हता, हे तिला कळला पायजे. बाकी कोणाला नको.”

“सांगतो,” मी म्हणालो. “नक्की सांगतो.”

“इंशाल्ला,” ते म्हणाले. त्यांनी बॅगा मला उचलू दिल्या नाहीत.

आणि मी सांगितलं नाही. आधी बाईंचं ऑपरेशन होऊ दे म्हटलं. मग त्या बऱ्या होऊ देत. मग माझी माणसं आली, मुलीची शाळा, घर लावणं, बायकोला इथली उन्हं सोसेनात. रोज सांगता येण्यासारखी गोष्ट कुठल्याच एका दिवशी सांगावीच लागत नाही. बाईंचा नंबर कार्डावर होता आणि कार्ड माझ्या खणात होतं. मला असिस्टंटचा मॅनेजर केलं. नवे बूट कसे बसवायचे यावर मी आता नव्या मुलांना शिकवतो आणि त्यांना विचारायला लावतो, चावतोय का धरतोय. कोणाचं वाक्य आहे हे सांगत नाही.

वर्ष उलटून गेल्यावर एका सकाळी अदलियातल्याच एका कॅफेत मी चहा घेत होतो. शेजारच्या टेबलावरून कोणीतरी माझ्याकडे बघत होतं. त्याच बाई. चालताना किंचित लंगडत होत्या, बाकी ठीक दिसत होत्या. त्यांनी मला ओळखलं, उठून आल्या, बसू का म्हणाल्या. शाळा परत सुरू झाली, जिने जरा जड जातात, बर्फाचं नाव काढलं की आई अंगावर येते, असं हसत सांगितलं. मला वाटलं, आता हे असंच हसत-खेळत संपेल आणि आपण सुटू.

“तुम्हाला एक विचारायचं होतं,” त्या म्हणाल्या. “किती महिने विचारीन म्हणतेय. तुमच्या त्या चाचांनी मला ऑपरेशननंतर फोन केला होता. नी? नी गुड? गुडघा बरा आहे का, एवढंच विचारत होते. मला इतका राग आलेला होता, मी फोन ठेवून दिला. नंतर बघितलं तर त्याच नंबरवरून आधीही फोन आले होते. मी जॉर्जियात असताना. शनिवारी, तीनदा. अनोळखी नंबर म्हणून मी उचलले नव्हते.” त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं. “मी पडले रविवारी. शनिवारी ते मला का फोन करत होते?”

मला हे माहीत नव्हतं. चाचांनी गाडीत सांगितलं नव्हतं, ऑफिसात सांगितलं नव्हतं. मी बघतो म्हटलं, त्यांनी माझं बघणं ओळखलं, आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत जमेल तसं सांगायला स्वतः फोन लावत बसले. तीनदा. आणि मुदीरच्या खोलीत त्यांनी हे फोन सांगितले असते तरी ते सुटले असते. पण मग मी फोन का नाही केला, हा प्रश्न आलाच असता.

मी बाईंना सगळं सांगितलं. शब्द सांगितला, त्याचे दोन अर्थ सांगितले, शुक्रवारी काय झालं, शनिवारी काय झालं, मुदीरच्या टेबलासमोर मी काय केलं. माझ्या तोंडून ते इतक्या थोडक्यात झालं की मलाच लाज वाटली. चहा अजून गरम होता.

बाईंनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पर्समधून आपला फोन काढला.

“तो नंबर आता लागत नाही,” त्या म्हणाल्या. “मी मागेच करून बघितला. त्यांचा इंडियाचा नंबर द्या. मला त्यांच्याशी बोलायचंय.”

मी माझा फोन हातात घेतला. चाचा या नावापुढे एकच नंबर होता, बहरीनचा, व्हिसाबरोबर बंद पडलेला. गावचा नंबर मी मागितलाच नव्हता. मागितला असता तर त्यांनी कधीतरी फोन करून विचारलं असतं, सांगितलं का तिला, म्हणून. बाई बोट स्क्रीनवर ठेवून थांबल्या होत्या, आणि मी खाली मान घालून यादी वर-खाली करत राहिलो.